हूक कुठे अडकवलाय?

मृग जवळ आला की छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यातल्या शेडवर गळके पत्रे बदलायची घाई होते. वर चढणारा म्हणतो, "साहेब, बेल्ट लावलाय ना!" पण हूक कुठे अडकवलाय?

समजा, शेड 5 मीटर उंच, दोरी 2 मीटरची आणि हूक पायाशी. बेल्टची पाठीवरची कडी पायापासून दीड मीटर वर असते. पायाखालचा सिमेंटचा पत्रा फुटला, तर दोरी ताणली जाईपर्यंत माणूस साडेतीन मीटर खाली जातो. मग धक्का सोसणारी शिवलेली घडी उलगडते, ती पावणेदोन मीटरपर्यंत. झाले सव्वापाच! बेल्ट असूनही माणूस जमिनीवर आपटतो.

म्हणून हूक शक्यतो डोक्याच्या वर, भक्कम आधाराला अडकवा. छपरावर तसा आधार नसेल, तर खाली जाळी बांधा आणि पत्र्यावर फळ्या टाकूनच चाला. नुसता कमरेचा नको, पूर्ण अंगाचा बेल्ट घ्या. एकदा झटका बसलेला बेल्ट पुन्हा वापरू नका. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवायची सोय आधीच करा. नुसतं लटकणंही जिवावर बेतू शकतं.

उद्या कुणी वर चढला, तर बेल्टबरोबर हूकही विचारा.