घरची बोली, शाळेची मराठी आणि इंग्रजी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 विषय मंडळानेच सुचवला आहे : आपल्या मुलांना इंग्रजी कसे शिकवावे. विषय शिक्षकांचा वाटतो, पण तो तितकाच आयांचा आहे. शाळेत शिकवताना मला जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, तो आयांनीच विचारलेला आहे. "मॅडम, मले त इंग्रजी येत नाई. पोरीले का सांगू मी?" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे की आजचे माझे सारे बोलणे म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर समजा.

प्रथम आपण आपल्या भागाकडे पाहू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. एका बाजूला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत फिरले तर कान थक्क होतात. कुठे घरात पोवारी चालते, सालेकसा-देवरीकडे गोंडी ऐकू येते, सीमेवर छत्तीसगढी, गोंदिया शहराच्या बाजारात हिंदी, आणि बाकी गावोगाव आपली झाडीबोली. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा पुस्तकातील मराठी हीच त्याला अर्धी परकी असते. घरी पाण्याला ते 'पानी' म्हणते आणि डोळ्याला 'डोरा'. ती मराठी जरा तोंडात बसते न बसते तोच इंग्रजी पुढे येते. पूर्वी आपल्याकडे इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून सुरू झाली. म्हणजे आपल्या कित्येक मुलांची इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी किंवा चौथी भाषा आहे.

पुष्कळांना वाटते की घरची बोली सुटल्याशिवाय इंग्रजी येणार नाही. मला हे मुळीच पटत नाही. कॅनडातील जिम कमिन्स या अभ्यासकाने दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचा पुष्कळ अभ्यास केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, एका भाषेत मिळवलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. ती पुन्हा पहिल्यापासून मिळवावी लागत नाही. ज्या मुलाला आपल्या बोलीत गोष्ट नीट सांगता येते, त्याला गोष्ट म्हणजे काय हे कळलेले असते. इंग्रजीत त्याला फक्त शब्द नवे शिकायचे असतात. पण ज्या मुलाला 'तुझे बोलणे अशुद्ध' म्हणून पहिल्याच वर्षी गप्प बसवले, ते कोणत्याच भाषेत बोलायला धजत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असेच सांगितले आहे.

आता वर्गातील रीतीकडे वळते. माझी पहिली शिकवण अशी की, आधी कान, मग तोंड, मग डोळे आणि शेवटी हात. आपले तान्हे मूल वर्ष-दीड वर्ष नुसते ऐकते. आपण त्याच्या हाती पाटी देत नाही. इंग्रजीच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी एबीसीडी गिरवायला बसवतो. अमेरिकेतील जेम्स अॅशर या मानसशास्त्रज्ञाने एक साधी पद्धत मांडली : शिक्षकाने आज्ञा द्यावी आणि मुलांनी बोलण्याऐवजी ती करून दाखवावी. 'स्टँड अप', 'सिट डाउन', 'टच युअर नोज', 'ओपन द विंडो'. यात न बोलणाऱ्या मुलालाही भाग घेता येतो, आणि चुकले तर हसू येते, रडू येत नाही. दोन आठवड्यांनी मुलेच पुढे येऊन आज्ञा देऊ लागतात. मॅडमना उठवण्या-बसवण्यात त्यांना जो आनंद होतो, तो काही विचारू नका!

दुसरी गोष्ट साधनांची. साधने नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार असते. पण जरा घरात पाहा. बस, तिकीट, कप, ग्लास, टेबल, पेन्सिल, डॉक्टर, मोबाइल, रिचार्ज, रेशन कार्ड, बॅटरी, सायकल, पंप. हे शब्द आपण रोज वापरतो. मी नव्या वर्गात पहिल्या दिवशी मुलांना विचारते, "तुम्हाला किती इंग्रजी शब्द येतात?" उत्तर येते, "एकही नाही." मग आम्ही फळ्यावर असे शब्द लिहीत जातो आणि तासाभरात फळा भरतो. आपल्याला इंग्रजी मुळीच येत नाही, ही मनातील गाठ तेथेच सुटते.

बिस्किटाच्या पुड्याचा कागद, औषधाची रिकामी पट्टी, बियाण्याची पिशवी, खताचे पोते, जुने कॅलेंडर हे सारे वाचनाचे साहित्यच आहे. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहून आठवडाभर टांगावे. एका कापडी पिशवीत चमचा, दोरा, बटण, किल्ली, चिंचोका, कांदा घालावा. मुलाने आत हात घालून चाचपावे आणि 'इट इज अ स्पून', 'इट इज अ की' असे सांगावे. या पिशवीला खर्च काही नाही, आणि तासात कंटाळलेले मूल एकही सापडत नाही.

तिसरी गोष्ट वाक्याच्या घडणीची. येथे आपली मराठी चांगली माहीत असली की इंग्रजी सोपी होते. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते मध्ये येते. 'मी आंबा खाते' याचे 'आय ईट अ मँगो'. आपण 'टेबलावर' म्हणतो, म्हणजे 'वर' मागून चिकटतो. इंग्रजीत 'ऑन द टेबल', तो पुढे येऊन उभा राहतो. हे मी मुलांकडून खेळवून घेते. तीन मुलांच्या गळ्यात तीन शब्दांच्या पाट्या अडकवायच्या, आणि मराठीतून इंग्रजीत जाताना त्यांनी जागा बदलायच्या. व्याकरणाचा एकही नियम न सांगता नियम अंगात मुरतो.

आणखी एक गंमत पाहा. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ पेन आहे', 'मला ताप आहे' ही मराठीत तीन तऱ्हेची वाक्ये. इंग्रजीत तिन्हींना एकच 'आय हॅव' पुरते. आपल्याला तू, तुम्ही, आपण असे तीन शब्द लागतात; इंग्रजीत आजीला, साहेबांना आणि मांजरालाही एकच 'यू'. मुलगी म्हणते 'मी जाते', मुलगा म्हणतो 'मी जातो'. इंग्रजीत दोघांचेही 'आय गो'. उलट धान, तांदूळ आणि भात यांचे आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत; इंग्रजीत तांदूळही 'राइस' आणि शिजलेला भातही 'राइस'. हे ऐकले की आपल्या धानाच्या मुलखातील मुलांची मान थोडी ताठ होते. दोन्ही भाषांत काही आहे आणि काही नाही, हे एकदा कळले की इंग्रजीचे भय उरत नाही. मग पऱ्हे, रोवणी, बांधी, मोहफूल, तेंदूपत्ता हे पाहुण्याला इंग्रजीत कसे समजावून सांगाल, असे मी वरच्या वर्गाला विचारते. यांना एका शब्दात उत्तर नाही. वाक्ये करावी लागतात. मुले ती करतात, कारण सांगण्याजोगे त्यांच्याजवळ काही असते.

स्पेलिंगविषयी थोडे. आपली देवनागरी बहुतेक बोलल्याप्रमाणे लिहिली जाते. इंग्रजीचे तसे नाही. बी-यू-टी 'बट' आणि पी-यू-टी 'पुट' यावर पिढ्यान्‌पिढ्या मुले अडली आहेत. म्हणून सुटी अक्षरे पाठ करण्यापेक्षा ओळखीचे शब्द चित्रासारखे ओळखायला लावावेत, आणि सारख्या आवाजाचे शब्द एकत्र बांधावेत : कॅट, मॅट, रॅट, हॅट. सर्वांत आधी मात्र मुलाचे स्वतःचे नाव. तेही शाळेच्या दाखल्यात, आधार कार्डात आणि बँकेच्या पुस्तकात एकाच स्पेलिंगने लिहिलेले आहे ना, हे आयांनी अवश्य तपासावे. एका अक्षराच्या फरकासाठी पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी खेटे घालावे लागतात.

मुले मोठी झाली की त्यांना काम द्यावे. बंगळूरला एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रके यांवरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला दिले. लक्ष प्रश्नावर राहते आणि भाषा आपोआप वापरली जाते, हा त्यातील विचार. आपल्याला यासाठी गोंदिया जंक्शनसारखी दुसरी शाळा कोठे मिळणार? नागपूर, रायपूर, बालाघाट आणि चंद्रपूर अशा चारी दिशांना येथून लोहमार्ग जातात. पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात. मुलांना जोड्यांनी वेळापत्रक द्यावे आणि विचारावे : महाराष्ट्र एक्सप्रेस कोठे जाते, किती वाजता सुटते, मामाच्या गावी दुपारच्या जेवणाला पोचायचे तर कोणती गाडी धरावी? चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला मिळावे, तर जोड्या लावण्याखेरीज दुसरा उपाय मला दिसत नाही.

चुकांचे काय करावे, असे तुम्ही विचाराल. मुलगी म्हणाली, 'शी गो मार्केट', तर तिला तोडू नये. हसून म्हणावे, 'येस, शी गोज टू द मार्केट. व्हॉट डज शी बाय?' तिला बरोबर रूपही ऐकायला मिळाले आणि बोलणेही पुढे चालले. लाल शाईने भरलेली वही पाहून कोणाला इंग्रजी आल्याचे मी पाहिले नाही.

आता आयांच्या प्रश्नाचे उत्तर. भगिनींनो, तुम्हाला इंग्रजी येत नाही, ही अडचण नाही. थोडी चतुराई दाखवली तर ती सोय आहे. रोज रात्री स्वयंपाक करताना मुलीला म्हणा, "आज शाळेत शिकलीस ते मला शिकव." जे दुसऱ्याला शिकवावे लागते ते पक्के होते. चूक-बरोबर तुम्हाला कळले नाही तरी चालेल. ती अडखळते की सहज बोलते हे तर कळेल? आणि तुमचे स्वतःचे काम तुम्ही सोडू नका. गोष्टी सांगा, उखाणे घाला, कोडी घाला, शेतातल्या गोष्टी सांगा. ज्या बोलीत तुम्हाला सुचते त्या बोलीत सांगा. चिमणी-कावळ्याची गोष्ट जिने आईकडून ऐकली आहे, तिला मी तीच इंग्रजीत हातवारे करून सांगितली की अर्धी आपोआप कळते. तुम्ही घरी केलेल्या पायावर आम्ही शाळेत भिंत चढवतो.

एक बोलणे थोडे कडू आहे, पण बोलायला हवे. पुष्कळ घरांतून कर्ज काढून, दागिना गहाण टाकून मुलांना लांबच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवले जाते. त्यातही बहुधा मुलाला पाठवतात आणि मुलगी गावच्या शाळेत राहते. आईबापांच्या इच्छेला मी नावे ठेवणार नाही. पण फी म्हणजे इंग्रजी नव्हे. न समजता पाठ केलेली इंग्रजी आणि हातची सुटलेली मराठी, असे दोन्हीकडून रिते झालेले मूल मी पाहिले आहे. इंग्रजी हवीच, ती मुलीलाही तितकीच हवी. दहावीला त्या एका विषयात अडखळून कितीतरी मुलींचे शिक्षण थांबते, आणि शिक्षण थांबले की लग्नाची घाई होते. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याविषयी स्वतंत्र कविता लिहिली. शूद्रांच्या आणि स्त्रियांच्या पायांतील बेड्या तोडण्याचे ते एक साधन आहे, हे त्या माउलीने इतक्या आधी ओळखले होते. ते साधन फक्त मुलग्यांच्या हाती द्यावे, असे त्यांनी म्हटले नव्हते.

तेव्हा मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, एक लोखंडी पेटी करावी. तीत चित्रे, पुड्यांचे कागद, जुनी वेळापत्रके, चिंचोके, बाहुल्या आणि गोष्टींची चार-दोन पुस्तके असावीत, आणि ती पेटी शाळेशाळेतून फिरावी. दुसरी, दर शनिवारी मंडळाच्या जागेत एक तास मुलामुलींना जमवावे. दहावी-बारावी झालेल्या आपल्या लेकी-सुनांनी लहानांना खेळ आणि गोष्टी यांतून इंग्रजी शिकवावी. त्यांचेही शिक्षण त्यामुळे गंजणार नाही. तिसरी, आयांसाठी महिनाभराचा छोटा वर्ग असावा : नाव लिहिणे, मोबाइलवरचे शब्द, औषधाच्या पट्टीवरील तारीख, बँकेचा आणि रेल्वेचा फॉर्म. एवढेच. परीक्षा नाही.

या वर्गात शिकवायला मी आनंदाने येईन; दिवस तेवढा मंडळाने ठरवावा. पेटीत घालण्यासाठी काही वस्तू मी आजच बरोबर आणल्या आहेत, त्या अध्यक्षीणबाईंच्या स्वाधीन करते.