समुद्रप्रेरित कलावस्तू : संग्रह आणि नोंद
(किनारपट्टीवरील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोल्हापूर शहर घाटावर वसलेले आहे. तेथून समुद्र दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. परंतु या शहरालगत पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे आणि तेथे १९४५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात कांस्याची एक लहानशी मूर्ती सापडली. ती आपल्याकडील कोणत्याही देवतेची नव्हे. ती आहे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची. सातवाहनांच्या काळात रोमन साम्राज्याशी आपला जो व्यापार चालत असे, त्या व्यापारातून समुद्र ओलांडून, बंदरात उतरून आणि मग घाट चढून हा समुद्रदेव पंचगंगेकाठी येऊन राहिला. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात ही मूर्ती जतन केलेली आहे. आपणांपैकी ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी अवश्य पाहावी.

आता कल्पना करा, हीच मूर्ती कोणत्याही माहितीवाचून मुंबईच्या चोरबाजारातील एखाद्या दुकानात आढळली असती, तर काय झाले असते? एखाद्या हौशी गृहस्थाने ती विकत घेऊन दिवाणखान्यात मांडली असती. ती विलायतेहून कोणा साहेबाने शे-दीडशे वर्षांपूर्वी आणली असावी असा तर्क कोणी केला असता, तर तो खोडून काढण्यास आपल्याजवळ काहीही साधन नसते. मूर्ती तीच, धातू तोच, घडणही तीच; परंतु तिच्यात साठवलेला इतिहास मात्र कायमचा पुसला गेला असता. ब्रह्मपुरीच्या मातीत, इतर रोमन कांस्यवस्तूंच्या सोबतीने ती मिळाली, म्हणूनच ती बोलकी झाली. वस्तू कोठे मिळाली, कोणाकडे होती आणि कशासाठी वापरली जात होती, ही माहिती वस्तूइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, मोलाची असते. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढ्यापुरतेच आहे. बाकीचा सारा तपशील त्याच्या आधारासाठी आहे.

समुद्रावरून सुचलेली कला असे म्हटले की निळे पाणी, पांढरे शीड आणि मावळता सूर्य असे दिनदर्शिकेवरील चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात आपल्या प्रदेशातील ही परंपरा फार जुनी आहे आणि गंमत अशी की तिचे काही उत्तम नमुने समुद्रापासून दूर आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या गलबताचे चित्र आहे. त्याच्या नाळेवर डोळा रंगविलेला आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आणि मुंबईजवळच्या कान्हेरीस अवलोकितेश्वराची जी शिल्पे आहेत, त्यांत भक्तांवर कोसळणाऱ्या संकटांमध्ये फुटणारे जहाज कोरलेले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे सिंह, सर्प, अग्नी यांच्या जोडीला नौकाभंगाचे भय तेथे का आले याचा उलगडा होतो. ज्यांचा माल समुद्रावर होता, त्यांचे भयही समुद्रावरच होते.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते बोरिवलीजवळच्या एकसर गावचे वीरगळ. लढाईत कामी आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा म्हणजे वीरगळ. असे दगड महाराष्ट्रात गावोगाव आहेत; पण एकसरच्या काही शिळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे आणि ती गोष्ट दुर्मिळ आहे. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या पट्ट्यांत लढाई, त्याच्या वर वीराचे स्वर्गारोहण आणि माथ्यावर शिवाची पूजा, असा साधारण क्रम असतो. एकसरला खालच्या पट्ट्यांत वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका एकामागून एक निघालेल्या दिसतात, मग त्या शत्रूच्या नौकेला भिडतात. ही लढाई कोणती याविषयी विद्वानांत एकमत नाही. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातील तेराव्या शतकातील संग्राम असावा असे काहींचे मत आहे. काही अभ्यासक या शिळा त्याहून जुन्या मानतात. निर्णय काहीही होवो. त्या काळची नौका कशी होती, तिची नाळ कशी उचललेली असे, वल्हेकरी कसे बसत, हे सांगणारा दुसरा पुरावा आपणांजवळ फार थोडा आहे. गोव्यातही कदंबांच्या काळातील नौका कोरलेले वीरगळ मिळाले असून जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात असे दगड पाहावयास मिळतात.

अशा दगडांपुढे आमचे गावकरी फुले वाहतात, शेंदूर लावतात. त्यांच्या श्रद्धेमुळेच हे दगड शतकानुशतके जागेवर टिकले, हे शहरी संशोधकांनी विसरू नये. मात्र अलीकडे भक्तीच्या भरात शिळेला चकचकीत तैलरंग फासण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. त्या रंगाखाली कोरीव रेषा बुजते आणि दगडात मुरलेला ओलावा व क्षार आतच कोंडून राहून वरचा पापुद्रा सुटू लागतो. सरपंचांनी आणि देवस्थानच्या पंचांनी याबाबतीत दोन शब्द गोडीने सांगितले, तर ते कोणत्याही सरकारी फलकापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

आता कागदावरील व कापडावरील चित्रांकडे वळू. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. या घटनेचे डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने अठराव्या शतकातच काढलेले भव्य तैलचित्र लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. चित्र अर्थातच जेत्याच्या बाजूने काढलेले आहे. आंग्र्यांच्या खलाशांनी तो दिवस कसा पाहिला हे दाखविणारे, त्या तोडीचे चित्र आपणांपाशी नाही. ज्याने चित्र काढविले आणि जपले, त्याचीच बाजू पाहावयास उरते.

ग्रीनिचचे हे संग्रहालय कसे उभे राहिले तेही पाहण्यासारखे आहे. सर जेम्स केयर्ड या स्कॉटिश जहाजमालकाने जहाजांची चित्रे, मुद्राचित्रे, नकाशे आणि नौकानयनाची उपकरणे यांचे मोठमोठे खाजगी संग्रह स्वतःच्या पैशाने विकत घेऊन राष्ट्राला दिले आणि १९३७ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तेथे व्हान दे वेल्दे या डच पितापुत्रांची शेकडो रेखाटने आहेत. यांतील पिता लहानशा नावेत बसून प्रत्यक्ष आरमारी लढाई चालू असता तिची रेखाटने करीत असे. त्या काळी तो कच्चा कागद होता. पुढे नौकाबांधणीच्या अभ्यासकांना तोच आधार झाला.

केयर्डएवढी संपत्ती आपल्यापैकी कोणाजवळ नाही आणि तिची आवश्यकताही नाही. आपल्या किनाऱ्यावरील संग्रह विकत घेऊन नव्हे, तर नोंदवून सुरू करावयाचा आहे. गावातील जुन्या तांडेलाच्या घरी होकायंत्र असेल, गलबतावरचा कंदील असेल, पडावाबरोबर काढलेले आजोबांचे छायाचित्र असेल. एखाद्या घरात रविवर्म्याच्या छापखान्यातील देवादिकांचे शिळाछाप चित्र काचेत असेल. सावंतवाडीच्या बाजूस दशावतारी गंजिफांचा जुना संच मिळू शकेल. त्यातील मत्स्य आणि कूर्म यांची पाने पाहिली म्हणजे पाणी हा विषय आमच्या चित्रकाराने तळहाताएवढ्या गोल पानावर कसा बसविला हे कळते. आणि बंदरावर उलथी पडलेली लाकडी होडी तर आहेच. फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होड्या मोडीत निघत आहेत. त्यांच्याबरोबर नाळेवरील कोरीव काम जाते, रंगविलेली चिन्हे जातात आणि कागदावर आराखडा न काढता नजरेच्या मापाने होडी उभी करणाऱ्या सुताराचे ज्ञानही जाते. होडी ठेवावयास जागा नसेल हे मी समजू शकतो. पण फोडण्यापूर्वी तिची लांबी-रुंदी मोजावी, चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि सुताराकडून प्रत्येक भागाचे नाव विचारून लिहून घ्यावे. हे काम सातवी-आठवीचे विद्यार्थी उत्तम करतील. एका जाड वहीत वस्तूचे नाव, घरमालकाचे नाव, वस्तू घरात कशी आली, माप, स्थिती आणि सांगणाऱ्याचे शब्द एवढे रकाने पुरेत. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहील; वहीची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावी.

कायद्याची थोडी माहिती सदस्यांना असणे इष्ट आहे. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अमलात आहे. सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे, नाणी व तत्सम वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्यात पुरावस्तू ठरतात. खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत, त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठराविक प्रकारांची नोंदणी करावी लागते. नोंदणी केली म्हणजे सरकार वस्तू घेऊन जाईल, ही भीती मला अनेक ठिकाणी आढळली. ती निराधार आहे. नोंदणीने मालकी जात नाही, उलट वस्तू चोरीस गेल्यास छायाचित्रासह पुरावा हाती राहतो. जमिनीत सापडलेल्या धनाची गोष्ट मात्र वेगळी. १८७८ च्या कायद्यानुसार त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. समुद्रावरच्या प्रेमापोटी लोक पोवळ्यांची झुडपे आणि मोठे शंख गोळा करतात. प्रवाळांना आणि काही जातींच्या शंखांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते संग्रहात ठेवू नयेत.

बाजारातून वस्तू घेणाऱ्यांनी सावध असावे. रुडकी व मुरादाबाद येथे पितळी होकायंत्रे, दुर्बिणी, जहाजावरच्या घंटा यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर तयार होतात. नक्कल म्हणून विकली तर त्यात काही गैर नाही. पण पुढे कोणीतरी तीच वस्तू काळी करून जुनी म्हणून विकतो. खऱ्या वापरातील वस्तूची झीज जेथे हात लागतो तेथेच होते. सगळीकडे सारखाच काळसरपणा दिसला की शंका घ्यावी. गुजरातेत अलंग येथे जहाजे मोडतात. तेथील रस्त्यावरच्या दुकानांत जहाजांवरचे खरे दिवे व खिडक्या स्वस्तात मिळतात. मात्र कोणत्या जहाजावरचे, हे तेव्हाच विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

आधुनिक कलेविषयी फार लांबण लावीत नाही. अलिबाग तालुक्यातील किहीम येथे नसरीन मोहम्मदी या चित्रकर्तीचा वास असे व १९९० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी शाईने व पेन्सिलीने कागदावर नुसत्या रेषा काढल्या. त्यांत ना नाव, ना लाट. तरीही ओहोटीनंतरची ओली पुळण जिने पाहिली आहे अशा नजरेचेच ते काम आहे, असे मला वाटते. हे सांगण्याचे कारण असे की, शाळेने किंवा पंचायतीने एखाद्या स्थानिक चित्रकाराचे काम घ्यावयाचे ठरविले, तर मासळीच्या टोपल्या दिसल्याच पाहिजेत असा आग्रह धरू नये. चित्रकाराला योग्य मोबदला द्यावा आणि मागील बाजूस त्याच्या हस्ताक्षरात नाव, वर्ष, स्थळ व साधन लिहून घ्यावे. पन्नास वर्षांनी हा मजकूर चित्राइतकाच उपयोगी पडेल.

शेवटी जाळ्यात अडकून येणाऱ्या वस्तूंबद्दल. लाकडाचा कोरीव तुकडा, दगडी नांगर, मातीचा रांजण असे काही खोल पाण्यातून आले की प्रथम ते उन्हात वाळवावयाची घाई होते. असे करू नये. फार काळ पाण्यात राहिलेले लाकूड वाळताच आकसते आणि चिरफाळते. स्वीडनचे ‘वासा’ हे १६२८ मध्ये बुडालेले कोरीव जहाज १९६१ साली वर काढले, तेव्हा ते तडकू नये म्हणून पुढे सतरा वर्षे त्यावर औषधी द्रवाचा फवारा मारावा लागला. आपण एवढेच करावे : वस्तू गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून सावलीत ठेवावी, कोणत्या दिशेस आणि किती वाव पाण्यात मिळाली ते तांडेलाला त्याच दिवशी विचारून लिहावे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवावे. मुंबईत १९७८ पासून मेरिटाइम हिस्टरी सोसायटी ही संस्था सागरी इतिहासाचे काम करीत आहे. तिच्याकडेही विचारणा करता येईल. उत्तर येईपर्यंत पिंपातील पाणी अधूनमधून बदलत राहावे.