ड्रीमलँड आणि एक शब्द



तुमच्यापैकी काहींनी ‘वॉचमेन’ ही मालिका पाहिली असेल. तिच्या सुरुवातीला एक लहान मुलगा थिएटरात मूकपट पाहतोय आणि बाहेर शहर पेटलंय. ते थिएटर खरोखर होतं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहराच्या ग्रीनवुड या काळ्या लोकांच्या वस्तीत. नाव ‘ड्रीमलँड’.

१९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं आणि विधिमंडळाने लगेच काळ्या-गोऱ्यांचे रेल्वे डबे वेगळे केले. थिएटरांतही तीच रीत. काळ्या प्रेक्षकाला एक तर दारातूनच परत पाठवायचं, नाही तर वर बाल्कनीत बसवायचं. १९१४ मध्ये लूला विल्यम्स या काळ्या उद्योजिकेने ड्रीमलँड उघडलं. सुमारे ७५० खुर्च्या, मूकपट, गाणी, नाटकं. इथे तुम्हाला कुणी वर पाठवत नव्हतं.

३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ग्रीनवुडचे सुमारे ३५ ब्लॉक जाळले. त्यात ड्रीमलँडही गेलं.

पुढचा भाग नीट ऐका. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. अटी न वाचता ‘मान्य आहे’ दाबायला लावणं हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार. तिथल्या विमा पॉलिसीत अशीच एक अट होती : दंगलीतल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही. ग्रीनवुडमध्ये थिएटर आणि हॉटेल असलेले रेडफर्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. १९२६ मध्ये हरले. एका वस्तीवरच्या हल्ल्याला ‘दंगल’ म्हटलं आणि हिशेब मिटला. २००१ च्या सरकारी अहवालाच्या नावातही तोच शब्द होता. आज लोक त्याला हत्याकांड म्हणतात.

जळिताच्या जागी पुन्हा बांधायचं तर न पेटणारं महागडं साहित्यच वापरा, असा नियम शहराने काढला. वकील बी. सी. फ्रँकलिन तंबूत कचेरी थाटून त्याविरुद्ध लढले आणि तो नियम कोर्टात टिकला नाही. वस्ती उभी राहिली, ड्रीमलँडही पुन्हा सुरू झालं.

आपलं थिएटर असणं चांगलंच. पण म्हणून दुसऱ्या थिएटराच्या दारावरचा हक्क सोडायचा नसतो. ग्रीनवुडने दोन्ही केलं, खुर्च्याही मांडल्या आणि कोर्टातही गेलं. तेव्हा आपणही बांधायला शिकू या, कागद वाचायला शिकू या. आणि आपल्याबद्दल कुणी कोणता शब्द लिहितंय, तिकडे लक्ष ठेवू या.