बोअर किती मोठा घ्यावा?



गेल्या नाताळच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. सध्या तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. त्याच्या वडिलांची अ‍ॅम्बॅसडर गाडी कित्येक वर्षे अंगणात उभी होती. वडील गेले आणि गाडी मुलाकडे आली. तिचे इंजिन उतरवून, त्यास टर्बोचार्जर जोडून ते चाचणीच्या चौकटीवर चालवून पाहावयाचे, असे त्याच्या मनाने घेतले होते. रस्त्यावर नव्हे, नोंदणीच्या वेळी जे इंजिन लिहिले गेले त्यात परस्पर फेरफार करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे, हे त्यास ठाऊक होते. त्याची अडचण निराळीच होती. तो म्हणाला, "सर, बोअर त्र्याहत्तरच्या जवळपास ठेवू, की पंचाहत्तर करू? पंचाहत्तरचे पिस्टन मला मिळाले आहेत."

प्रश्न दोन मिलिमीटरांचा होता. परंतु इंजिन एकच होते आणि ते वडिलांचे होते. लाकूड कमी कापले तर पुन्हा कापता येते, जास्त कापले तर जोडता येत नाही. लोखंडाचेही तसेच आहे.

बोअर म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास. त्यातून पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वरखाली धावतो. या धावेची लांबी तो स्ट्रोक. अ‍ॅम्बॅसडरच्या 1,489 घन सेंटीमीटरच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर सुमारे 73 मिलिमीटर आणि स्ट्रोक 88.9 मिलिमीटर. ही गाडी काढणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ 1942 साली ओखा बंदरातील जोडणीच्या कारखान्याने झाला, आणि ते बंदर त्या वेळी आमच्या बडोदे संस्थानात होते, ही गोष्ट बडोदेकरांनी विसरू नये.

सिलिंडर असा अरुंद आणि धाव लांब का? हे इंजिन मूळचे विलायती. इंग्लंडात 1921 पासून मोटारीवरील कर अश्वशक्तीवर बसे आणि ती अश्वशक्ती ठरविण्याच्या सूत्रात बोअर व सिलिंडरांची संख्या एवढेच पाहिले जाई. स्ट्रोकचा विचारच नव्हता. साहजिकच तेथील कारखानदारांनी बोअर आखूड ठेवला आणि स्ट्रोक वाढविला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कर गेला, परंतु घडण मागे राहिली. आपल्याकडेही 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतील आणि 1,200 घन सेंटीमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारींस अबकारी करात सवलत मिळाली आणि पुष्कळ इंजिने त्या मर्यादेच्या आत येऊन बसली. बोअर ठरविताना कारखानदाराच्या एका हातात मोजपट्टी असते, तर दुसऱ्या हातात कराचा तक्ता.

माझ्या विद्यार्थ्यापुढे कराचा प्रश्न नव्हता. म्हणून आम्ही फळ्यापाशी उभे राहून निव्वळ हिशेब मांडला. बोअर 75 केला तर इंजिन सुमारे 1,571 घन सेंटीमीटरचे होते. वाढ 82 घन सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच टक्के. आता टर्बोचार्जरकडे पाहा. त्याचे मूळ पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंनी एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने सिलिंडरात हवा दाबून भरावयाची, अशी ही युक्ती. हा दाब वातावरणाच्या निम्म्याने वाढविला तर सिद्धांततः दीडपट हवा आत जाते. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून त्यातून काही वजा करावे लागते. तरी उरलेली वाढ साडेपाच टक्क्यांच्या कितीतरी पट भरते. उलट बोअर वाढवून जे 82 घन सेंटीमीटर मिळतात, तेवढी भर टर्बोचा दाब वातावरणाच्या सुमारे अठराव्या हिश्श्याने वाढविला की पदरात पडते.

मिळकत एवढीच, आता किंमत पाहू. बोअर दोन मिलिमीटरांनी वाढला की प्रत्येक भिंत एक मिलिमीटरने पातळ होते. शेजारच्या सिलिंडराचीही भिंत तेवढीच जाते, म्हणून दोहोंमधील लोखंडी पूल दोन मिलिमीटरांनी अरुंद होतो. हेड गॅस्केटला नेमका या पुलाचाच आधार असतो. टर्बोच्या वाढलेल्या दाबाने गॅस्केट फुटले, तर ते बहुधा येथेच फुटते.

दुसरी किंमत ठोक्याची. ठिणगी पडल्यावर ज्योत दट्ट्याच्या माथ्यावरून कडेपर्यंत पसरत जाते. बोअर जितका रुंद, तितका तिचा प्रवास लांब. तेवढ्या वेळात कडेचे तापलेले मिश्रण आपणहून भडकले की इंजिन ठोकू लागते. टर्बोने हवा आधीच तापलेली असते, त्यामुळे हा धोका दुणावतो. शिवाय हेडमधील जागा तेवढीच ठेवून बोअर वाढविला की संपीडनाचे प्रमाणही वाढते. टर्बोच्या इंजिनात ते सहसा कमी ठेवावे लागते.

पुण्याच्या परिसरात तयार झालेली दोन इंजिने शेजारी ठेवली, तर हे अधिक स्पष्ट होईल. चाकण येथे बनलेल्या केटीएम 390 या मोटारसायकलच्या 2013 च्या इंजिनात एकच सिलिंडर, 373 घन सेंटीमीटरचा. बोअर 89, स्ट्रोक 60. रांजणगाव येथे बनलेल्या टाटा नेक्सॉनच्या 2017 च्या टर्बो पेट्रोल इंजिनात तीन सिलिंडर, प्रत्येक सुमारे 400 घन सेंटीमीटरचा. बोअर 77, स्ट्रोक 85.8. आकारमान जवळजवळ सारखे, पण रूप किती निराळे! मोटारसायकलला टर्बो नाही. तिला शक्ती वेगाने फिरून मिळवावयाची आहे, म्हणून आखूड धाव आणि मोठ्या झडपांना जागा देणारा रुंद बोअर. टर्बोला हवा दाबून मिळते, त्यामुळे त्याचे काम अरुंद बोअरात भागते. ज्वलनाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 80 किलोग्रॅम धरला, तर 77 च्या दट्ट्यावर पावणेचार टनांच्या आसपास भार येतो आणि 89 च्या दट्ट्यावर जवळजवळ पाच टन. हा भार दांड्याला आणि बेअरिंगांना सोसावा लागतो.

हिशेब पटला, तरी मुलाचे मन पंचाहत्तरवरून हटेना. तो म्हणाला, "सर, याच घराण्यातील इंजिन विलायतेत ऐंशीपर्यंत नेले होते." ते खरे आहे. 1962 च्या एमजीबी गाडीत हा बोअर 80.26 मिलिमीटर झाला. परंतु त्यासाठी कारखान्याने सिलिंडरांची मांडणी बदलून नवा ब्लॉक ओतला. जुनाच कोरत नेला नाही.

शेवटी आम्ही दोघे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आकडेमोड ऐकून घेतली आणि कोपऱ्यात पडलेला एक ब्लॉक दाखविला. कोणा हौशी माणसाने तो अतोनात मोठा करवून घेतला होता. ओतताना साच्यातील गाभा किंचित सरकला, तर सिलिंडरची भिंत एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ उतरते, आणि बाहेरून ते दिसत नाही. त्या ब्लॉकची पातळ बाजू तडकून पाणी आत आले होते. "स्लीव्ह घालता येते," मिस्त्री म्हणाले, "पण वडिलांच्या इंजिनाला ठिगळ कशाला, भाई?"

मग त्यांनी बोअर गेज घेऊन आमचा ब्लॉक मापला. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभ्या-आडव्या दोन दिशांनी. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जेथे कड्या धाव उलटवितात, तेथे अधिक झिजतो आणि लंबगोल होतो. सर्वांत जास्त झीज 0.3 मिलिमीटर निघाली. "पाव पुरणार नाही, अर्धा पुरेल. पाऊण कशाला?" एवढाच त्यांचा निर्णय. भिंतीची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासून घ्या आणि नवे पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू नका, असेही त्यांनी बजावले. कारण टर्बोसाठी घडविलेले पिस्टन तापल्यावर अधिक फुगतात, आणि किती फट सोडावयाची हे ते पिस्टनच ठरवितात. हेडच्या बोल्टांच्या ताणाने सिलिंडर किंचित वाकडा होतो, म्हणून होनिंग करताना वर जाड पोलादी पाट आवळावयाचा, ही शेवटची सूचना.

मुलाने पंचाहत्तरचे पिस्टन परत केले. अर्ध्या मिलिमीटरने त्याच्या पदरात जेमतेम वीस घन सेंटीमीटर पडले.

टर्बोसाठी इंजिन बांधणाऱ्या तरुणांना माझे सांगणे इतकेच: झीज निघून सिलिंडर गोल व सरळ होईल, तेवढाच बोअर घ्या. शक्ती टर्बो देईल. ती सोसण्याचे काम मात्र मागे ठेवलेल्या लोखंडाला करावयाचे आहे.

पाडव्याच्या सुमारास ते इंजिन चौकटीवर सुरू झाले. मुलाची आई पदराने हात पुसत बाहेर आली, क्षणभर ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "आवाज तोच आहे रे."