घरची संगमरवरी मूर्ती आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नवे घर बांधले किंवा ब्लॉक घेतला की देवघरासाठी जयपूरहून संगमरवरी मूर्ती आणावी, अशी इच्छा हल्ली आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मनात येते. इच्छा चांगलीच आहे. परंतु मूर्ती आणणे हे एका दिवसाचे काम आहे आणि तिची सेवा हे जन्माचे. ते जन्माचे काम बहुधा आपल्याच वाट्याला येते. म्हणून मूर्ती घरी येण्यापूर्वी काय विचार करावा आणि आल्यावर ती कशी सांभाळावी, याविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

शेजारच्या भगिनींसाठी प्रथम थोडे सांगते. आमचे तीर्थंकर चोवीस. त्यांची मूर्ती दोनच प्रकारे घडवितात, पद्मासनात बसलेली किंवा खड्गासनात म्हणजे सरळ उभी. आम्हा दिगंबरांच्या मूर्तीला वस्त्र नाही, दागिना नाही, दृष्टी नाकाच्या शेंड्यावर स्थिर. श्वेतांबर बंधुभगिनी मूर्तीला डोळे बसवितात व आंगी चढवितात. स्थानकवासी मंडळी मूर्तिपूजा करीतच नाहीत. चेहरे सगळे सारखेच शांत, मग ओळखायचे कसे? तर बैठकीवर कोरलेल्या लांछनावरून. बैल असेल तर आदिनाथ, चंद्रकोर असेल तर चंद्रप्रभ, हरिण असेल तर शांतिनाथ, शंख असेल तर नेमिनाथ आणि सिंह असेल तर महावीर. पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागाचा फणा असतो. पूजेत जल, चंदन, अक्षता, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप आणि फळ ही आठ द्रव्ये वाहतात. वाहिलेले द्रव्य निर्माल्य झाले, ते आम्ही प्रसाद म्हणून खात नाही. आमचा देव वीतराग आहे. तो प्रसन्न होऊन काही देत नाही आणि पूजा चुकली म्हणून रागावतही नाही. त्याच्यासारखी शांती आपल्या अंगी यावी, एवढ्याचसाठी त्याच्यापुढे बसायचे.

आता संगमरवराची एवढी ओढ आपल्याला का, ते पाहू. आपण यात्रेला आबूला जातो. तेथे देलवाड्याची विमलवसही १०३१ साली उभी राहिली. पांढऱ्या दगडातले ते लोण्यासारखे कोरीव काम पाहून डोळे निवतात. आपल्याकडे कुंभोजच्या बाहुबलीला १९६३ साली उभारलेली अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती आहे. तिच्या पायाशी उभे राहिले की असेच शुभ्र रूप आपल्या घरी असावे, असे कोणालाही वाटेल. राजस्थानातील मकराण्याचा दगड तर ताजमहालालाही लागला. त्याच दगडाच्या मूर्ती जयपुरास खजानेवालों का रास्ता या भागात कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आले आहेत.

परंतु घरच्या मूर्तीविषयी आपल्या पूर्वजांनी वेगळा विचार केला होता. ठक्कुर फेरू या जैन पंडितांनी चौदाव्या शतकात 'वास्तुसार' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात एक ते अकरा अंगुळांपर्यंतची मूर्ती घरी पुजावी आणि त्याहून मोठी मंदिरात असावी, असे सांगितले आहे. अकरा अंगुळे म्हणजे साधारण आठ इंच. जुन्या घरांतील धातूच्या मूर्ती पाहिल्या तर त्या अशाच लहान, तळहातावर मावतील एवढ्या असतात. मला तर यात मोठे व्यवहारज्ञान दिसते. लहान मूर्ती एकट्या माणसाला दोन्ही हातांनी उचलता येते, ताम्हनात ठेवून अभिषेक करता येतो आणि चारी बाजूंनी पुसता येते. एक घनफूट संगमरवराचे वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास भरते. दीड-दोन फुटांची मूर्ती एकदा बसविली की तिच्या पाठीमागे हात पोचत नाही, तेथे ओल राहते आणि काळपट थर धरतो. म्हणून घरात आणायचीच असेल तर लहान आणावी, हे माझे पहिले सांगणे.

दुसरे सांगणे दगडाच्या स्वभावाविषयी आहे. संगमरवर दिसतो टणक, पण तो मोठा नाजूक दगड आहे. जमिनीच्या पोटात चुनखडीवर उष्णता आणि दाब पडून तो तयार होतो. म्हणजे जात चुन्याचीच. आंबट पदार्थ लागला की चुना जसा फसफसतो, तसा आंबटपणा संगमरवरालाही खातो. ज्यांच्या घरी संगमरवरी ओटा आहे त्यांना हे ठाऊकच आहे. रात्री लिंबाची फोड ओट्यावर राहिली तर सकाळी तेथे निस्तेज डाग दिसतो आणि तो कितीही पुसला तरी जात नाही, कारण तो डाग नसून तेवढी झिलई खाल्ली गेलेली असते. शिवाय या दगडाला बारीक छिद्रे असतात. तूप, तेल, केशर, हळद ही त्यात मुरतात आणि शुभ्र मूर्ती पिवळी पडते.

आता आपली सवय पाहा. दिवाळी आली की आपण देव्हाऱ्यातील पितळी देव, समई, ताम्हन सगळे चिंच-लिंबाने लख्ख घासतो. पितळेला ते मानवते. तोच हात संगमरवरी मूर्तीवर फिरला की घात झाला. एका ओळखीच्या घरी असेच घडले. पंचामृताने मूर्ती पिवळट दिसू लागली म्हणून त्या बाईंनी भक्तिभावाने लिंबू आणि भांड्याची पावडर लावून ती घासली. चार-पाच वेळा असे झाल्यावर मूर्तीचे ओठ आणि नाकाचा शेंडा खरखरीत झाले आणि बैठकीवरचे लांछन इतके पुसट झाले की नवख्या माणसाला मूर्ती कोणत्या भगवंतांची हे ओळखता येईना. त्या बाईंच्या मनात भक्ती काही कमी नव्हती. पण हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

कोणी म्हणेल, श्रवणबेळगोळला गोमटेश्वरावर घागरीच्या घागरी पंचामृत ओततात, त्याला कोठे काय होते? तर ती सत्तावन्न फुटी मूर्ती ग्रॅनाइटची आहे. तो दगड संगमरवराहून पुष्कळ कठीण, आंबटाला दाद न देणारा. आणि तो महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी एकदा होतो. मागचा २०१८ साली झाला. आपण मात्र घरी नाजूक दगडावर रोज दही घालू म्हणतो.

दगड झिजतो ही गोष्ट पंढरपूरच्या माणसाला परक्या गावचे उदाहरण देऊन सांगायला नको. आपल्या विठुरायाची मूर्ती काळ्या पाषाणाची. तरीसुद्धा शतकानुशतकांच्या अभिषेकांनी आणि लाखो वारकऱ्यांच्या हातांनी तिची झीज होऊ लागली. तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तिला लेप द्यावा लागला. २०२० साली आषाढीच्या आधी जून महिन्यातही विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना असा वज्रलेप झाला. त्याने कोणाची भक्ती उणी झाली नाही. देवाची काया जपणे हीसुद्धा सेवाच आहे, हे या गावाने मानले आहे.

मग घरी करावे काय? रोजचा अभिषेक गाळलेल्या, प्रासुक केलेल्या शुद्ध पाण्याचा असावा. पंचामृत पर्वाच्या दिवशी करावे. दही आणि उसाचा रस मूर्तीवर घालून स्तोत्र म्हणत थांबू नये, लगेच भरपूर पाण्याची धार धरावी. चंदनाचा टिळा लावणाऱ्यांनी तो पातळ लावावा आणि दुसऱ्या दिवशी वाळून चिकटण्यापूर्वी धुवावा. कानाच्या मागे, बोटांच्या सांध्यांत राहिलेले चंदन काढायला वाळ्याची मऊ कुंची वापरावी, पिन किंवा तारेची घासणी कधीही वापरू नये. नंतर धुतलेल्या मऊ सुती वस्त्राने, एकाने भागले नाही तर दोन-तीन वस्त्रांनी, मूर्ती अगदी कोरडी करावी. बोअरच्या जड पाण्याचे थेंब अंगावर वाळले की पांढरे डाग पडतात. ते काढायला व्हिनेगर लावण्यापेक्षा ते पडूच न देणे बरे. समई मूर्तीच्या अगदी तोंडाशी ठेवू नये, काजळी धरते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाजारातून आणलेली मूर्ती ही पंचकल्याणक प्रतिष्ठा होईपर्यंत कारागिराची कृती असते. गर्भ, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि मोक्ष या पाच कल्याणकांचे विधी झाले की ती पूज्य झाली. मग तिचा अभिषेक-पूजन रोजचे झाले. आज पाहुणे आहेत, उद्या लग्नाला जायचे आहे, ही सबब तेथे चालत नाही. आणि आपली घरे आता कशी आहेत? मुले पुण्या-मुंबईला, सून नोकरीवर, घरी दोन म्हातारी माणसे. त्यांतील एक आजारी पडले की दुसरे दवाखान्यात, घराला कुलूप, आणि आत मूर्ती तशीच. माझ्या पाहण्यात एक आजी आहेत. गुडघे धरलेले, तरी पहाटे थंड पाण्याने स्नान करून ओल्याने पूजा करतात आणि मुलाकडे चार दिवस राहायला जाऊ शकत नाहीत. मूर्ती हौसेने आणली घरातल्या कर्त्या पुरुषाने आणि बांधल्या गेल्या त्या.

येथे मी थोडे स्पष्ट बोलते. मूर्तीला स्त्रीने अभिषेक करावा की नाही, याविषयी आपल्यात दोन परंपरा आहेत. तेरापंथी करू देत नाहीत, बीसपंथी करू देतात. मला त्या वादात पडायचे नाही. ज्या घराची जी परंपरा असेल ती त्यांनी पाळावी. पण ज्या घरात फक्त पुरुषानेच मूर्तीला हात लावायचा, तेथे तो पुरुष रोज सकाळी घरी असणार आहे ना, हे मूर्ती आणण्यापूर्वीच विचारावे. आणि जेथे स्त्रीने केलेले चालते, तेथे हे काम तिच्यावर आपोआप पडू न देता तिला विचारून, घरच्यांनी वाटून घेऊन ठरवावे. पाणी गाळणे, द्रव्य धुणे, भांडी घासणे हे तर ती करतेच. निर्णयातही तिला जागा असावी.

श्रावकाची सहा कर्तव्ये सांगितली आहेत: देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दान. देवपूजा मंदिरात जाऊनही होते. रोज मंदिरात दर्शन घेतले, घरी एखादे चित्र ठेवून णमोकार मंत्राचा जप केला आणि दोन पाने स्वाध्याय केला, तर ते घर देवाविना आहे असे कोणी म्हणू नये. ज्यांना आता सेवा झेपत नाही त्यांनी मूर्ती सन्मानाने मंदिरात द्यावी. त्यात कमीपणा नाही. मूर्ती भंगली तर गुपचूप चंद्रभागेच्या पात्रात सोडू नये. संगमरवर पाण्यात लवकर विरत नाही. वाळवंटात लोकांच्या पायांखाली येतो आणि आपणच आपल्या देवाची विटंबना करतो. मंदिराच्या पंचांना आणि जाणत्या पंडितांना विचारून काय ते करावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण एक वही घालावी. ज्या घरी प्रतिष्ठित मूर्ती आहे त्यांची नावे तीत लिहावीत आणि ज्या भगिनी दुसऱ्याच्या घरी जाऊन पूजा करायला तयार आहेत त्यांचीही. कोणाला दवाखान्यात, बाळंतपणाला किंवा परगावी जावे लागले, तर वहीत पाहून पाळी लावावी आणि घराची किल्ली निर्धास्तपणे शेजारणीच्या हाती द्यावी. ज्या घरची जी परंपरा तिला धरून, कोठे आपले पुरुष जातील, कोठे आपण जाऊ. मगाशी सांगितलेल्या त्या आजींना या वर्षी आपण चार दिवस मुलाकडे पाठवू शकलो, तर हा वर्धापनदिन साजरा झाला असे मी समजेन. वहीचा खर्च मी करते. माझे नाव पहिले लिहावे.