पुडीवरचं चित्र

आम्ही खारघरहून बोलतोय. आज बोलायचंय तंबाखूच्या पुडीबद्दल आणि तिच्यासोबत येणाऱ्या चित्राबद्दल.

१८८७ च्या सुमाराची गोष्ट. न्यूयॉर्कची एक कंपनी 'ओल्ड जज' सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंचे छोटे फोटो घालू लागली. फोटो बहुतेक स्टुडिओतले. चेंडू दोऱ्याने टांगायचा आणि खेळाडूने तो झेलल्यासारखं उभं राहायचं! फोटोंचा संच पुरा करायचा, तर पाकिटं घेत राहायची. पोरांनाही त्या फोटोंचं वेड लागलं. पुढे १८९६ मध्ये इंग्लंडच्या विल्स कंपनीने क्रिकेटपटूंची चित्रं काढली.

बरोबर शंभर वर्षांनी तेच नाव आपल्या घरात आलं. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक आठवतो? त्याचं नावच 'विल्स वर्ल्ड कप'. आपल्या खेळाडूंच्या शर्टावरही 'विल्स' असायचं. मुलं खेळ बघायची, नाव आपोआप पाठ व्हायचं.

२००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. अठरा वर्षांखालच्या मुलांना किंवा शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायलाही मनाई झाली. तरी दोऱ्याचा चेंडू अजून लटकतोच आहे. जाहिरात वेलचीची, चेहरा सिनेमातल्या हिरोचा आणि नाव टपरीवरच्या पुडीचं.

आपल्या मशेरीला तर जाहिरातही लागत नाही. ती सासूकडून सुनेकडे येते. दात दुखतोय, लाव मशेरी. पोट साफ होत नाही, लाव मशेरी. पण बायांनो, भाजली तरी ती तंबाखूच.

टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आमच्या खारघरमध्येच आहे. लांबलांबून पेशंट येतात. तिथे यायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून एक काम करा. आरशासमोर, उजेडात तोंड उघडून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर दुखायची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. लवकर कळलं तर बरं होण्याची आशा मोठी असते.

सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ या नंबरावर फोन करा, पैसे लागत नाहीत. एकटीला जड जातं, म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांबरोबर हाही विषय घ्या. मशेरीचा डबा कोण कोण बंद करणार, ते एकमेकींना सांगा. आणि मुलांना त्या टांगलेल्या चेंडूची गोष्ट नक्की सांगा.