इंजिनाचा श्वास



मोटारीची गोष्ट निघाली की पेट्रोलच्या भावाची गोष्ट निघतेच. हवेचा हिशेब मात्र कोणी मागत नाही, कारण ती फुकट मिळते. वास्तविक इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक खाते. पेट्रोल पुरते जळावयाचे तर त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते; म्हणजे एका लिटरमागे सुमारे ९ हजार लिटर! तुम्हीआम्ही दिवसभरात दहाएक हजार लिटर हवा आत घेतो. तेवढी ही बाई पंधरा-वीस किलोमीटरांत फस्त करते, आणि तीही वैशाखातल्या रस्त्यावर, पुढच्या ट्रकने उडविलेल्या फुफाट्यातून.

आता या फुफाट्यात असते काय? पुष्कळसा भाग निरुपद्रवी असतो. पण त्यात वाळूचा, म्हणजे गारगोटीचा, अंश असतो आणि तोच घातक. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो हे लहानपणी आपण सर्वांनी करून पाहिले आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोस याची जी मोजपट्टी आहे, तिच्यावर गारगोटी ७ वर बसते आणि चाकूचे साधे पोलाद साडेपाचाच्या आसपास.

इंजिनात दट्ट्याच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरून मिनिटाला हजारो वेळा घासत जातात. दोहोंमध्ये तेलाचा पापुद्रा असतो. त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. पुष्कळांना वाटते की मोठा कण अधिक वाईट. तसे नाही. मोठ्या कणाला त्या फटीत शिरताच येत नाही, अतिसूक्ष्म कण तेलाबरोबर वाहून जातो. खरा वैरी तो, जो फटीत जेमतेम मावतो. ५ ते २० मायक्रॉनांचे हे कण एकेकटे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तेलात मिसळून त्यांचे गंध होते, आणि सहाणेसारखी झीज सुरू होते. मग रिंगा सैल पडतात, तेल वर चढून जळू लागते, मागून निळसर धूर निघतो, आणि एके दिवशी मेस्त्री सांगतो, "साहेब, इंजिनाचे काम निघाले."

यावर पूर्वी तेलाच्या वाटीचा उपाय होता. हवा तेलावरून झटकन वळवावयाची. हवा वळते, जड धूळ सरळ जाऊन तेलात बुडते. जुन्या जीपगाड्या आणि ट्रॅक्टर यांवर ती वाटी पुष्कळांनी पाहिली असेल. पुढे चुणीदार कागद आला. चुण्या अशासाठी की लहान डब्यात मोठा पृष्ठभाग मावावा. हा कागद केवळ चाळणी नव्हे; भोकांहून बारीक असलेले कणही त्याच्या तंतूंवर आदळून चिकटतात.

पण फिल्टर म्हटला की श्वासाला अडथळा आलाच. १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात स्पिटफायर विमानांना व्होक्स कंपनीचा फिल्टर लावलेला असे. त्यासाठी विमानाच्या हनुवटीखाली भलेमोठे टेंगूळ आले आणि वेग घटला. शत्रूचे विमान पाठीशी असता घटलेला वेग म्हणजे काय, ते वैमानिकालाच ठाऊक! तरीही फिल्टर काढून टाकला नाही. इजिप्तमध्ये अबुकीर येथील कारखान्यात त्याचा लहान, सुटसुटीत अवतार घडविण्यात आला. मला यात मोठा शहाणपणा दिसतो.

आपल्याकडे मात्र 'पिकअप'साठी फिल्टरच काढून गाडी पिटाळणारे वीर आढळतात. कच्च्या रस्त्यावर वडाप चालविणाऱ्या गरीब माणसाने तसे केले तर त्याची रोजीरोटीच झिजते. दुसरे टोक म्हणजे अतिस्वच्छता. दर आठवड्यास जोरदार हवेचा झोत मारला की कागदाला न दिसणारी भोके पडतात. गंमत अशी की थोडा वापरलेला फिल्टर नव्याहून बारीक गाळतो. साचलेली धूळच पुढच्या धुळीला अडविते. आणि मायलेजची धास्तीही आता फारशी उरलेली नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली दाखविले की इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर तुंबल्याने इंधन विशेष अधिक जळत नाही, वेग घेण्याची ताकद मात्र घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

तेव्हा कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, धुळीचा प्रदेश असेल तर त्याआधी, तो बदलावा. बदलताना डब्याचे झाकण आधी बाहेरून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, नाही तर वरची धूळ नेमकी स्वच्छ बाजूस पडते. आणि नवा फिल्टर बसविल्यावर त्याची रबरी कड सगळीकडून नीट टेकली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. तिथे फट राहिली तर हवा कागदाकडे न जाता त्या फटीतूनच जाईल.